चार गोळ्या कमी

हलकी… बाटली उचलल्याबरोबर हाताला ते कळलं, डोक्याला कळायला मात्र आणखी थोडा वेळ लागला. पांढरी, प्लॅस्टिकची, निळ्या झाकणाची बाटली. रोज अंगठा एकाच जागी टेकून टेकून तिच्यावरची ‘कॅल्शियम’ ही अक्षरं अर्धी पुसली गेलेली. आत कापसाचा बोळा – गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून त्यानंच घातलेला. तीस वर्षं तराजू दुरुस्त करण्यात गेली होती, पाचेक ग्रॅमचा फरक तळहाताला कळला नसता तरच नवल. त्यानं बाटली खाली ठेवली, पुन्हा उचलली. हलकीच. आज बारा तारीख. एक तारखेला तीस भरल्या, म्हणजे आजची धरून एकोणीस हव्यात. त्यानं पलंगावर रुमाल पसरला, बोळा काढला – बोळाही त्याच्या पद्धतीनं दाबलेला नव्हता, कसातरी कोंबलेला होता – आणि गोळ्या रुमालावर ओतल्या. पंधरा. पुन्हा मोजल्या, तरी पंधराच.

घरात माणसं दोन. एक तो आणि दुसरी ताई. उंदीर काही गोळ्या खाऊन झाकण परत लावत नाही.

“अरे, चहा निवतोय!” स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. “आरशात किती बघशील? आता काय मुली बघायला यायच्यात तुला?”

“आलो, आलो.”

त्यानं आजची गोळी घेतली, बाकीच्या चौदा परत बाटलीत भरल्या, बोळा दाबून बसवला. झाकण फिरवताना बोटं थरथरत नव्हती, याचं त्यालाच बरं वाटलं. कामाची बोटं. घाबरायचं ते आत कुठंतरी घाबरतं, बोटांपर्यंत येऊ देत नाही. चौदा वर्षांत एवढं तरी जमलं.

ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मुलगा बदली होऊन लांब गेला, गुडघे जिने चढू देईनात, म्हणून पाच महिन्यांपूर्वी ‘पंधरा दिवस येते’ म्हणून आली ती राहिलीच. आणि त्यालाही बरं वाटलं होतं – खोटं कशाला बोला – घरात दुसऱ्या कुणाच्या तरी चपला दिसल्या, संध्याकाळी कुलूप उघडावं लागेना, कुणीतरी ‘उशीर का’ म्हणून खेकसायला लागलं. तिच्या येण्यानं एकच अडचण झाली होती, आणि ती त्यानं पहिल्याच आठवड्यात निकालात काढली होती. सकाळी गोळी घेताना ती दारात येऊन उभी राहिली, “हे रोज काय घेतोस रे?” आणि तो एका क्षणात, जीभ न अडखळता म्हणाला होता, “कॅल्शियम. हाडांसाठी.” बाटली तर आधीपासूनच होती, एकट्याच्या घरातसुद्धा तो गोळ्या त्या बाटलीत भरून ठेवायचा, कुणी आलंगेलं तर असू दे म्हणून. कुणी येतजात नव्हतं ही गोष्ट वेगळी.

चहाच्या कपावर बशी झाकून ठेवलेली. ताई टेबलाशी बसून स्वतःच्या गोळ्या मांडत होती: रक्तदाबाची छोटी गुलाबी, साखरेची लांबट पांढरी, आणि… तो बघत राहिला. तिसरी नव्हती.

“तुझी कॅल्शियमची संपली का गं?” त्यानं बशीकडे बघत विचारलं.

“संपून झाला आठवडा. तू ऊठ आता, सोनार वाट बघत असेल.”

बस्स, एवढंच. तिचा चेहरा जसा रोज असतो तसाच, कपाळावर चष्मा, नाकावर चष्म्याच्या दोन खळ्या. आणि तिनं विषय बदलला, हे त्याला कळलं. ताईला खोटं बोलता येत नाही, ती फक्त घाईनं पुढच्या वाक्यावर जाते. चार दिवस ती माझ्या खोलीत येऊन, माझं कपाट उघडून… रागावू की हसू? राग येतच नव्हता. त्यानं बशी बाजूला सारली आणि चहा संपवला.

घराबाहेर पडल्यावर, इमारतीच्या टपालपेट्यांच्या रांगेशेजारी उभं राहून त्यानं दवाखान्यात फोन लावला. समुपदेशनाच्या मॅडमना. त्या त्याला नावानं कमी आणि आवाजानं जास्त ओळखतात. चौदा वर्षांत तीन डॉक्टर बदलले, गोळ्या चार वेळा बदलल्या, मॅडम तेवढ्या त्याच, त्याच लाकडी खुर्चीत.

“बोला. काय विसरलात?”

“मी नाही विसरलो. म्हणजे… माझ्या गोळ्या दुसऱ्या कुणीतरी घेतल्यात.”

“कुणी?”

“बहिणीनं. कॅल्शियम समजून.”

 पलीकडून मॅडमचा नेहमीचा सुस्कारा. “बाटली बदलू नका, मी तुम्हाला कधीची सांगतेय? बरं, किती घेतल्या? वय? साखरेचं औषध चालू आहे का? कुठलं?”

तो एकेकाचं उत्तर देत गेला. चार. त्रेसष्ट. आहे, लांबट पांढरी, सकाळ-संध्याकाळ. मॅडमनी नाव विचारलं ते त्याला सांगता आलं. ताईची औषधं तोच आणतो.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या, आणि हे दोन शब्द त्या फार हिशेबानं वापरतात हे त्याला माहीत होतं. “चार गोळ्यांनी काही होत नाही. पण आता एकही नको. तुमच्या गोळीनं त्यांच्या साखरेच्या औषधाचा जोर वाढतो, म्हणून मळमळ, गळाठा, चक्कर असं काही होतंय का बघा. आणि या आठवड्यात मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या. त्यांच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा, म्हणजे ते बघतील.”

“सांगतो.”

“आणि त्यांना काय सांगणार?”

“सांगतो काहीतरी.”

“काहीतरी,” मॅडम म्हणाल्या. ना प्रश्न, ना उद्गार. फोन ठेवल्यावर तो शब्द त्याच्या कानात बसून राहिला, पोहून आल्यावर कानात पाणी राहतं तसा.

कारण काहीतरी सांगणं सोपं होतं. बसथांब्यापर्यंत चालत जाता जाता त्याच्याकडे तीन ‘काहीतरी’ तयार झाली होती. एक: ताई, त्या गोळ्यांची मुदत संपलीय, टाकून दे, ही बघ नवी बाटली. दोन: माझ्या गोळ्या पुरुषांच्या असतात, बायकांच्या वेगळ्या – याला ती हसेल, पण मानेल. तीन: डॉक्टर म्हणाले, साखर असली की वर्षातून एकदा मूत्रपिंड तपासावंच. रक्त देऊन येईल, रिपोर्ट नीट येईल, कपाटाला किल्ली लावता येईल. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. चौदा वर्षं मी हेच तर करत आलोय, आणि बरं करतो. खोटं बोलण्यात माणसाला सफाई येते, ती कुठल्याही कामात येते तशीच, रोज केल्यानं.

पण तिनं त्या गोळ्या घेतल्या कशाला? – बस आली, तो चढला, खिडकीशी जागा मिळाली – स्वतःच्या संपल्या तर सांगायचं होतं, त्यानं आणल्या असत्या. की… आणि मग त्याला गेल्या रविवारचं आठवलं. ताई पायाला तेल चोळत बसली होती आणि म्हणाली होती, “तुझ्या गोळ्या भारी आहेत बाबा. माझ्या नुसत्या खडू. मी पाच महिने बघतेय, तुला शिंक नाही की सर्दी नाही. पूर्वी कसा झाला होतास, आता बघ.” तो काहीतरी पुटपुटला होता. त्याच्या तब्येतीचं सगळं श्रेय तिनं त्या बाटलीला दिलं होतं, आणि ते खोटं होतं कुठं? बाटलीनंच तर त्याला उभं केलं होतं. म्हणजे ताईनं चोरी नव्हती केली, तिनं विश्वास ठेवला होता. त्याला हसू आलं, चांगलं मोठ्यानं, शेजारच्या बाईनं पर्स मांडीवर ओढून घेतली. आणि हसता हसताच डोळे भरून आले, तेव्हा तो खिडकीकडे वळला.

पूर्वी कसा झाला होतास… फुप्फुसात पाणी झालं होतं. आधी ताप, मग खोकला, मग जिना चढता येईना. दवाखान्यात सुईनं पाणी काढलं, क्षयाचं निघालं, आणि क्षयामागं दुसरं काय आहे ते शोधायला म्हणून आणखी एक रक्त. डॉक्टरांनी ताईला बाहेर थांबायला सांगितलं. ती बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती, काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. आत डॉक्टर सांगत होते, हळू, स्पष्ट, की एचआयव्ही आहे, की उपचार आहेत, की जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, की बायकोचीही तपासणी लागेल. तो ताईच्या पाठीकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, निमोनिया. आणि तिनं डबा उघडला, भातात वरण कालवलं, स्वतःच्या हातानं भरवलं, आणि त्याला जाईना म्हणून उरलेलं स्वतः खाल्लं, त्याच चमच्यानं. चमच्यानं काही होत नाही हे डॉक्टरांनी आताच सांगितलं होतं, तरी त्याची नजर त्या चमच्यावरून हलत नव्हती. तो चमचा मी अजून विसरलो नाही. त्याच्या दांड्यावर फूल होतं.

हे कुठून आलं याचा शोध त्यानं फार घेतला नाही. फिरतीची वर्षं होती, महिना महिना परक्या गावी वखारीचे, गिरण्यांचे काटे दुरुस्त करत हिंडायचं, लॉजच्या खोल्या, आणि काही संध्याकाळी ज्यांच्याबद्दल तेव्हाही बोलण्यासारखं काही नव्हतं. चूक माझी. यात दोन मतं नाहीत.

तिची तपासणी झाली. तिची म्हणजे बायकोची. निर्दोष निघाली, तीन महिन्यांनी पुन्हा, तेव्हाही. दवाखान्याच्या त्या लांब हिरव्या बोळात दोघं शेजारी बसली होती आणि ती म्हणाली होती, “मला नाही राहवणार इथं. मी प्रयत्न करून बघितला. पण मी कुणाला सांगणार नाही.” तिच्या मांडीवर छत्री होती, तिचं बटण ती उघडमीट करत होती. आठवड्यानं ती गेली. एक बॅग, तीच छत्री. आणि तिनं शब्द पाळला, आईबापांजवळसुद्धा तोंड उघडलं नाही. तो आजारी, हाडांचा सापळा झालेला, आणि बायको घर सोडून गेली – लोकांना याचा अर्थ लावायला कितीसा वेळ लागतो?

ताईला तर अजिबात लागला नाही. ताई तिला नावानं कधी म्हणत नाही. म्हणते ती महामाया, ती पळपुटी, माझ्या भावाला मरणाच्या दारात टाकून गेलेली. त्या सुरुवातीच्या गोळ्यांनी त्याचे गाल आत गेले, तळपाय रात्रंदिवस जळायचे, ताई म्हणायची, “हिनं खाल्लं ह्याला.” आणि तो गप्प बसायचा. गप्प बसण्याला तो स्वतःशी चांगली चांगली नावं द्यायचा – तिचं आता दुसरं घर आहे, जुनं उकरून काय करायचं, आणि तिनंच तर म्हटलं होतं, कुणाला नको. तिनं स्वतःपुरतं म्हटलं होतं. हे कळत नव्हतं असं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती ताईला एका चपलांच्या दुकानात भेटली. ताईनं तिथंच तिचा उद्धार केला, दुकान भरलेलं, लोक बघतायत. घरी येऊन फोनवर त्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, विजय मिळवून आल्यासारखं. “आणि तोंड वर करून काय विचारते माहितीय? कशी आहे त्यांची तब्येत? सगळं वेळच्या वेळी घेतात ना? तुला काय करायचंय गं, म्हटलं, तू गेलीस ना!” तो फोन कानाला लावून नुसता उभा होता. चपलांच्या दुकानात, चारचौघांत, शिव्या खाताना, एका वाक्यात स्वतःचा बचाव करता आला असता, तो न करता तिनं माझ्या गोळ्यांची चौकशी केली. त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही सांगितलं, मग पुढचा प्रत्येक दिवस आणखी अवघड होत गेला.

सोनाराच्या दुकानात मागच्या खोलीत काचेच्या पेटीत तो जुना तराजू होता. पुढं विजेचा काटा आहे, आकडे दाखवणारा, पण सोनाराच्या वडिलांचा ह्यावर जीव होता, आणि सोनारही मनातून ह्याच्यावरच विश्वास ठेवतो.

“खोटं दाखवतोय हो,” सोनार म्हणाला. “कधी नव्हे ते. मी सांगू? तो मधे तुमच्याऐवजी आला होता ना, तो गबाळा, त्यानं काहीतरी करून ठेवलंय. मी त्याला सरळ सांगितलं, पुन्हा पायरी चढू नकोस.”

त्यानं पेटीची काच वर सरकवली. वजनांची डबी उघडली. मखमलीत एकेकाच्या मापाचा खळगा, त्यात एकेक वजन. चिमट्यानं उचलायचं, बोट लावायचं नाही, बोटाच्या घामाचंसुद्धा वजन होतं. एक डावीकडं, एक उजवीकडं, काच खाली, आणि थांबायचं. काटा जातो, येतो, जातो. त्याला काम शिकवणारे मास्तर ह्या वेळी कुणाला बोलूसुद्धा द्यायचे नाहीत. “काटा हलतोय तोवर आपण कुणी नाही,” म्हणायचे. घाईचं गिऱ्हाईक नेमकं ह्याच वेळी पारड्याला बोट लावतं, थांबवून टाकायला, आणि मग दिसतं ते त्याच्या बोटाचं वजन.

काटा उजवीकडं थांबला. वजनांची अदलाबदल केली, तरी उजवीकडं. उजवं पारडंच जड. त्यानं ते काढलं, उलटं केलं, भिंग डोळ्याला लावलं.

पारड्याच्या पोटाशी लाखेचा एक ठिपका होता. मसुराएवढा, काळपट, आणि कडा अंगठ्याच्या नखानं दाबून गोल केलेली. त्यानं तो ताबडतोब ओळखला. आपली लाख कुणालाही ओळखू येते, आपलं अक्षर ओळखू येतं तशी. अकरा वर्षांपूर्वी, पुढं दुकानात गिऱ्हाइकं बसलेली, सोनाराचे वडील घाई करतायत, आणि दांडी ज्या पोलादी धारेवर तोलते ती धार एका बाजूनं झिजलेली. नवी यायला आठवडा लागणार होता. तोवर चालू दे म्हणून त्यानं लाखेचा ठिपका लावून दोन्ही बाजू सारख्या केल्या होत्या. तात्पुरतं. मग त्याच आठवड्यात पाय सुजले, दवाखाना, गोळ्या बदलल्या, आणि ते राहून गेलं. अकरा वर्षं तराजू झिजलेल्या धारेवर आणि लाखेवर बरोबर वजन दाखवत राहिला. मधे तो गबाळा आला आणि त्यानं बिचाऱ्यानं काय केलं, तर धार नवी बसवली, अगदी नीट, जशी बसवायला हवी तशी. आणि तराजू खोटा झाला.

“सापडलं का काही?” सोनारानं विचारलं.

नखानं एक टिचकी, आणि ठिपका गेला असता. खिशात. ‘जरा धूळ होती’ म्हटलं असतं.

“सापडलं,” तो म्हणाला. “माझंच आहे. अकरा वर्षांपूर्वी मी लाख लावून ठेवली होती, तुमच्या वडिलांच्या वेळेला. काढायची राहिली. त्या माणसानं केलेलं काम चोख आहे.”

सोनारानं पारडं हातात घेतलं, ठिपका पाहिला. तो हसेल, ‘अहो एवढंच ना’ म्हणेल, अशी त्याची अपेक्षा होती. सोनार हसला नाही.

“मी त्याला चार गिऱ्हाइकांदेखत बोललो हो,” तो म्हणाला. “चोर म्हटलं त्याला.”

“हो. ते माझ्यामुळं.”

“तुमच्यामुळं म्हणून काय? बोललो मी ना.”  सोनारानं डोकं खाजवलं. “नंबर आहे का त्याचा तुमच्याकडं?”

त्यानं नंबर दिला. लाख खरवडून काढली, पारडं स्पिरिटनं पुसलं, पुन्हा चढवलं. काटा मधोमध येऊन थांबला. पुढच्या खोलीतून सोनाराचा फोनवरचा आवाज येत होता, अवघडलेला, नेहमीपेक्षा मोठा – “अहो, नाही, ऐका तर… चूक आमची झाली…” – आणि इकडे तो चिमटा, भिंग, ब्रश पिशवीत भरत होता, एकेक, सावकाश, कारण फोन संपण्याआधी त्याला निघायचं नव्हतं. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते त्याला ऐकायचं होतं. पण सोनार पडद्याआडून आला आणि नुसतं म्हणाला, “उचलला त्यानं फोन. ऐकून घेतलं.” पुढं काही नाही. चहा आला, दोघं प्यायले.

औषधाच्या दुकानात त्यानं कॅल्शियमची बाटली घेतली. तीच, निळ्या झाकणाची. ती पिशवीत हत्यारांशेजारी ठेवताना त्याला बरंच हलकं वाटायला हवं होतं, कारण पहिलं ‘काहीतरी’ आता हातात होतं, पुराव्यासकट: ही बघ नवी, ती जुनी टाकून दे. चालत निघाला. वाटेत शाळा सुटलेली, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या रस्त्याला लागत खडखडत चाललेल्या. एका इमारतीच्या पायरीवर एक म्हातारा आपल्या कुत्र्याशी भांडत होता, आणि कुत्रं तोंड फिरवून बसलं होतं. सगळं रोजचंच. मी ताईला गमावेन का? हा खरा प्रश्न होता, त्याला एवढ्यांदा वळसा घालून तो आता त्याच्यासमोर आला. आजाराचं नव्हे. आजाराला ती घाबरणार नाही, किंवा घाबरेल आणि मग रडेल आणि मग डबा उघडेल. तो चमचा त्याला ठाऊक होता. पण चौदा वर्षं माझ्या तोंडावर तिनं एका निरपराध बाईला शिव्या घातल्या आणि मी घालू दिल्या, हे? चारचौघांत तिनं जे केलं ते माझ्यामुळं केलं, हे कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल? तिला तो चांगला भाऊ वाटतो. तेवढं एक त्याच्याजवळ होतं, आणि ते जाऊ नये असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

दार उघडं होतं. ताई टेबलाशी बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होती. एक शेंग, कट्, शीर, कट्.

“आलास? सोनाराचं झालं?”

“झालं.” त्यानं हात धुतले, समोर बसला, पिशवीतून नवी बाटली काढून टेबलावर ठेवली. “तुला चक्कर वगैरे येत नाही ना गं? मळमळ?”

ताईनं बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि लहान मुलीसारखी पकडली गेली. “कळलं होय तुला? बाई! मोजून ठेवतोस की काय? अरे, चारच घेतल्या. सकाळी जरा मळमळलं परवा, पण ते कशानंही. गुडघा बघ मात्र.” तिनं टेबलाखाली पाय लांब करून दाखवला. “कसा वळतोय! तुझ्या गोळीत काहीतरी आहे बाबा.”

“ताई, त्या आता घेऊ नकोस.”

“नाही घेत. रागावलास?”

“रागावलो नाही.” मुदत संपलीय, एवढंच म्हणायचं. नवी बाटली समोर आहे. “उद्या रक्त द्यायला जाऊ, मूत्रपिंडाचं. मी येतो बरोबर.”

“एवढ्या चार गोळ्यांसाठी?” शेंग तिच्या हातात तशीच राहिली. “कॅल्शियमनं रक्त तपासावं लागतं?”

“त्या कॅल्शियमच्या नाहीत.”

“मग कसल्या आहेत?”

चौदा वर्षं त्यानं ह्या प्रश्नाचं उत्तर घडवलं होतं. बसमध्ये, अंघोळ करताना, झोप येत नसताना. त्यात क्षय होता, फिरतीची वर्षं होती, आता रक्तात तो विषाणू सापडतसुद्धा नाही हे होतं, भिण्यासारखं काही नाही हे होतं; सुरुवात ‘ताई, तू घाबरू नकोस’ अशी होती. ते सगळं जागच्या जागी होतं. पण तोंडातून आलं ते त्यातलं नव्हतंच.

“ती पळून गेली नव्हती, ताई,” तो म्हणाला. “तिचा काही दोष नव्हता. चूक माझी होती, आजार माझा होता, मी तुला चौदा वर्षं ते सांगितलं नाही. तू तिला बोलायचीस आणि मी ऐकून घ्यायचो.”

ताईचे हात शेंगांवर थांबले. तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला, जणू त्याला नीट बघायचं होतं, आणि मग बघितलंच नाही; बघितलं त्या नव्या बाटलीकडे, मग दाराशी ठेवलेल्या स्वतःच्या चपलांकडे. तिचे ओठ हलले. ती काय जुळवत होती ते त्याला जवळजवळ ऐकू येत होतं – दवाखान्यातला बाक, आत गेलेले गाल, चपलांचं दुकान, ‘वेळच्या वेळी घेतात ना’ – एकेक करून, डावीकडं, उजवीकडं. त्याला तिचा हात धरावासा वाटला. काहीतरी पटकन बोलावं, गोळ्यांचं नाव सांगावं, माफी मागावी, निदान पाणी आणायला उठावं, असं सगळं एकदम वाटलं, आणि त्यानं यातलं काही केलं नाही. हे सगळं तिला थांबवण्यासाठी होतं, स्वतःच्या सोयीनं, लवकर. त्यानं दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर घेतले. भीती होतीच, सकाळची होती तेवढीच. पण आज कित्येक वर्षांत पहिल्यांदा, पुढं काय बोलायचं हे त्याच्याजवळ तयार नव्हतं, आणि ते तयार नसण्यात त्याला चैन पडत होतं.

“तिनं मला विचारलं होतं रे,” ताई अगदी हळू म्हणाली. “त्या दुकानात.”

“हो.”

तिनं चष्मा काढून नव्या बाटलीशेजारी ठेवला. तो थांबून राहिला.